साडेचार मीटर

पहाटे पावणेसहाला त्या शेडमध्ये पाय ठेवला की आधी वास येतो. घामाचा, जुन्या रेक्झिनचा आणि त्या दोन्हींच्या खाली दबलेला सुताचा. इथं पूर्वी यंत्रमाग होते. माग भंगारात गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ते जिथं बसवले होते तिथले बोल्ट जमिनीतच राहिलेत, वरून कापून फरशीबरोबर घासलेले. सरावात पाय फिरवताना त्यातला एखादा बुटाच्या तळाला जाणवतो. छताच्या लोखंडी कैचीला चार बॅगा टांगल्यात. त्यांच्यात काय भरलंय हे मला पहिल्याच दिवशी हात लावताच कळलं, कारण मी 18 वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. आत कातरण आहे. टॉवेलच्या कडा, चुकलेले तुकडे, चिंध्या. आमच्याकडून किलोवर जातात त्याच. प्रत्येक ठोशाबरोबर त्या चिंध्या थोड्या थोड्या खाली सरकतात, म्हणून बॅग वरून मऊ पडत जाते आणि बुडाशी दगडासारखी होते. नवख्यानं खाली मारायचं नाही, मनगट जातं.

बॉक्सिंग शिकायला लागले तेव्हा मी 41 वर्षांची होते.

साखर काठावर आहे, चालायला लागा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोलापुरात उन्हाळ्यात चालायचं तर ते उजाडायच्या आत. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो आणि आठ वाजताच डांबरातून वाफ येते. मी साडेपाचला निघायचे, अशोक चौकाकडून आतल्या गल्ल्यांनी फिरून यायचे. एका पहाटे एका गल्लीत खटाखट, खटाखट असा आवाज आला आणि मी थांबले. माग चालू होते. निदान मला तसं वाटलं. त्या आवाजात मी वाढले. आमच्या भिंतीपलीकडं कारखाना होता आणि रात्रपाळी चालू असताना आम्ही शांत झोपायचो. वीज जाऊन आवाज बंद पडला की सगळी चाळ जागी व्हायची. पण त्या गल्लीतले माग कधीच बंद झाले होते, हे मला माहीत होतं. म्हणून वाकून बघितलं. आत आठ-दहा मुलं-मुली दोरीच्या उड्या मारत होती. दोऱ्या शहाबादी फरशीवर एका लयीत आपटत होत्या.

सर दारात आले. फौजेतून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे असतील. "कुणाला घालायचंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, आवाज ऐकून थांबले." त्यांनी माझ्या चपलांकडं बघितलं आणि म्हणाले, "उद्या बूट घालून या, ताई."

मी गेले. घरी नवऱ्यानं चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी चांगले बूट आणून दारात ठेवले. त्यानंतरही काही बोलला नाही, आणि ते मला फार आवडलं.

पहिला महिना फक्त पायांचा. डावा पाय पुढं, उजवा मागं, दोघांत खांद्याइतकं अंतर, मागची टाच किंचित उचललेली. पुढं सरकायचं तर पुढचा पाय आधी, मागं यायचं तर मागचा आधी. पाय एकमेकांना ओलांडू द्यायचे नाहीत. महिनाभर मी कुणाला काय, बॅगेलाही हात लावला नाही. लोकांना वाटतं बॉक्सिंग म्हणजे हात. बळ मागच्या टाचेतून निघतं. टाच फिरते, मग कंबर, मग खांदा, आणि हाताकडं फक्त पोचवण्याचं काम उरतं. हे कळल्यावर मला एक वेगळाच धीर आला. माझे दंड बारीक आहेत, पण टाचा भक्कम आहेत. आयुष्यभर उभ्यानं काम केलेल्या बायकांच्या टाचा भक्कमच असतात.

मग मूठ. मूठ कशी वळायची हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं. मी अंगठा आत घेऊन मूठ वळायचे, लहानपणी दुकानात जाताना सुटे पैसे धरायचे तशी. सरांनी एकेक बोट उघडून परत मिटवलं. चार बोटं टोकापासून गुंडाळायची, अंगठा बाहेरून त्यांच्यावर आडवा. आत ठेवलेला अंगठा पहिल्याच ठोशात मोडतो. लागायला हव्यात त्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठी, कारण त्यांच्यामागची हाडं जाड असतात आणि मनगटाशी सरळ रेषेत येतात. करंगळीमागचं हाड बारीक. तिथं मोडलं तर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण ते शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागानं भिंतीवर बुक्की मारणाऱ्याला जास्त होतं. आणि मूठ सैल ठेवायची. अगदी शेवटी, लागायच्या क्षणी, आवळायची. सुरुवातीपासून आवळलेला हात जड होतो आणि उशिरा पोचतो.

ग्लोव्हजच्या आत हाताला पट्टी गुंडाळतात. 180 इंच, म्हणजे साडेचार मीटरहून थोडी जास्त. एका टोकाला अंगठ्यात अडकवायचा फास, दुसऱ्या टोकाला वेल्क्रो. आधी मनगटाला तीन वेढे, मग गाठींवरून, मग बोटांच्या फटींतून, परत मनगट. या पट्ट्या घामानं रोज भिजतात, रोज धुवाव्या लागतात. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं बादलीतलं पाणी मोजून वापरायचं आणि त्यातलं तांब्याभर पट्ट्यांसाठी. पाणी यायच्या दिवशी सराव चुकतो. सरांना कारण सांगावं लागत नाही. त्या दिवशी पूर्व भागातली निम्मी पोरं येतच नाहीत.

पट्ट्या दोरीवर वाळत घातल्या तेव्हा अप्पांनी त्या पाहिल्या. अप्पा, माझे वडील, आई गेल्यापासून माझ्याकडं असतात. वय 74. पस्तीस वर्षं त्यांनी चादरीच्या मागावर काढली, बारा तासांची पाळी. मागांनी कान नेले, त्यामुळं त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, ओठ दिसतील असं. कारखान्यात सगळे तसंच बोलायचे म्हणे, ओठांनी आणि हातवाऱ्यांनी. त्यांनी पट्टी दोन बोटांत धरून चोळली, उजेडासमोर धरली, दोन्ही बाजूंनी ताणली.

"ह्यात रबर घातलंय," ते म्हणाले. मग किनार बघितली. "किनार बरी आहे. कुठली?"

मी लेबल दाखवलं. परराज्यातलं होतं. त्यांनी पट्टी दोरीवर परत नीट पसरली आणि म्हणाले, "सोलापुरात ह्याच्याहून चांगली विणून मिळाली असती." कशासाठी आहे हे त्यांनी विचारलं नाही. आधी कापड, मग बाकीचं. त्या पिढीतल्या विणकरांचं असंच असतं. परक्याच्या अंगावरच्या शर्टाचीही बाही ते बोलता बोलता चिमटीत धरतात.

कशासाठी ते मी दोन दिवसांनी करून दाखवलं. माझा जॅब परत येत नव्हता. जॅब म्हणजे पुढच्या हातानं मारायचा सरळ ठोसा, बॉक्सिंगमधलं पहिलं अक्षर. तो जितक्या वेगानं जातो तितक्याच वेगानं, त्याच रेषेतून गालाशी परत यायला हवा. माझा हात पुढं जाऊन तिथंच थबकायचा, मग खालून लोंबत यायचा. "गेलेला हात परत आणा, ताई," हे वाक्य सरांनी मला शेकडो वेळा सांगितलं असेल. घरी आरशासमोर करत होते, तेव्हा अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"काय करूलालीस हे?"

मी सांगितलं. हात जातो, वेळेवर येत नाही. त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग दोन्ही तळवे समोरासमोर धरून म्हणाले, "धोटा."

मला लगेच उमगलं नाही. ते खाटेवर बसले आणि सांगायला लागले. धोटा, म्हणजे मागातला आडवं सूत घेऊन पळणारा लाकडी तुकडा, या पेटीतून सुटतो, उभ्या तारांमधून पळतो, पलीकडच्या पेटीत जाऊन बसतो. तिथून लगेच परत. पेटीत पोचला नाही तर माग धाडकन बंद पडतो. आणि मधेच तारांत अडकला तर तारा तुटतात, मग त्या जोडत बसायच्या, पाळी वाया आणि मजुरी कापली. "धोट्याचं काम परत यायचं," ते म्हणाले. "जातोय तर कुणीही ढकललं तरी."

दुसऱ्या दिवशी मी दोन पेट्या डोळ्यांसमोर ठेवल्या, एक बॅगेत आणि एक माझ्या गालाशी. सर मागून म्हणाले, "आज काय झालं?" मी म्हटलं, "वडिलांनी शिकवलं." त्यांनी मान डोलावली, जणू हे होणारच होतं.

माझा खरा दोष दुसराच होता आणि तो महिनाभरानं उघड झाला. जोडीदाराबरोबर हलका सराव सुरू झाला त्या दिवशी सरांनी घड्याळ थांबवलं. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, हा 1867 सालच्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलेला हिशेब. सर तो सहसा मोडत नाहीत. त्या दिवशी मोडला. जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही डोळे मिटता. मार येताना मिटता ते ठीक, सगळेच मिटतात. तुम्ही मारतानासुद्धा मिटता."

डोळ्याला काही लागलं की पापणी मिटते, ते जन्मतःच असतं. पण काहीतरी आपल्याकडं येताना नुसतं दिसलं म्हणून पापणी मिटणं, हे नवजात बाळाला येत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर हात झटकन नेला तरी ते तसंच बघत राहतं. काही महिन्यांचं झाल्यावर ते डोळे मिटायला लागतं. म्हणजे ते आपण शिकतो. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. कारण मी ते दुसऱ्यांदा कधी शिकले हे मला नेमकं माहीत आहे.

मी तिसरीत होते. जानेवारी महिना, गड्ड्याचे दिवस. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात आणि सोलापुरातल्या पोरांना दुसरं काही सुचत नाही. दादा आठवीत होता. त्यानं डब्यातले पन्नास रुपये उचलले आणि दोन संध्याकाळी मित्रांसह गड्ड्यात घालवले. अप्पा रात्रपाळीवरून आले. डबा रिकामा होता. आमची खोली दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात आई धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली, एका कोपऱ्यात मी. आणि मधे ते दोघं.

अप्पांनी मला आयुष्यात दोनदा मारलं, तेही एकेक चापट. दादाला किती वेळा ते मोजता येणार नाही. त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले. ऐकूही फारसं आलं नाही, कारण पलीकडं माग चालू होते. भिंतीला टेकवलेल्या कपाळातून हादरे कळत होते, आणि त्यातले मागांचे कुठले आणि आमच्या खोलीतले कुठले हे वेगळं काढता येत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा दादा बाहेरच्या नळावर तोंड धूत होता आणि अप्पा भाकरीचं ताट समोर घेऊन बसले होते. जेवत नव्हते.

बारा तास उभं राहून आलेल्या माणसाचा थकवा मला आता कळतो, पन्नास रुपये म्हणजे तेव्हा काय होतं तेही कळतं. पण ते कळल्यानं दादाचा मार कमी होत नाही, आणि मी त्यांची बाजू मांडायला हे लिहीत नाही. दादा बारावीनंतर पुण्याला गेला, कारखान्यात लागला, तिकडंच राहिला. इथल्या अनेक घरांतली पोरं पुण्याला गेली, तसाच तोही गेला, असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

बॉक्सिंगचं मी त्याला फोनवर सांगितलं. आधी त्याला खरं वाटेना. मग खूश झाला, ग्लोव्हज केवढ्याचे, सर कोण, सगळं विचारलं. मी बोलण्याच्या ओघात म्हटलं, सर म्हणतात मी डोळे मिटते.

तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "तू पहिल्यापासूनच मिटतेस."

मी काही बोलले नाही.

"मला माहितीये," तो म्हणाला. "मी तुझ्याकडंच बघत असायचो."

त्यानंतर आम्ही त्याच्या मुलाच्या दहावीबद्दल बोललो.

शेडमध्ये माझी जोडी लावतात ती सोळा वर्षांच्या एका पोरीशी. घरी तेलुगू बोलणारी, शाळा मराठी, मला अक्का म्हणते. तिची आई विड्या वळते. हजार विड्या झाल्या की मजुरी. निजामाबादची बॉक्सर निखत झरीन या पोरीचं दैवत आहे. निखत 2022 मध्ये इस्तंबूलला आणि 2023 मध्ये दिल्लीत विश्वविजेती झाली, हे तर तिला पाठ आहेच, पण पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती चीनच्या वू यूकडून हरली ती लढतही या पोरीला ठोशान्‌ठोशा पाठ आहे. "हरलेलीच बघायची असते, अक्का," ती मला म्हणाली. तिच्या आजीचं माहेर निजामाबादच्या बाजूचं. पोटासाठी तिकडून सोलापुरात आलेल्या विणकरांच्या चौथ्या पिढीतली ही पोर, आणि तिकडचीच एक मुलगी जगज्जेती झाली, याचा तिला जो अभिमान आहे तो तिच्या ताठ मानेत दिसतो. आमच्या लहानपणी गल्लीत तालीम होती. दादा दोन वर्षं जायचा. आम्हा मुलींना तिच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायची मुभा नव्हती, लाल माती लांबून दिसायची. या पोरीला असं काही असतं हे सांगून पटत नाही, आणि ते फार चांगलं आहे.

डोळे उघडे ठेवायचा सराव साधा असतो. मी हात खाली सोडून उभी राहायचे. ती समोरून हळूहळू ग्लोव्ह पुढं आणायची आणि माझ्या कपाळाला टेकवायची. हनुवटी खाली, नजर तिच्या छातीवर. मुठीवर नजर ठेवून उपयोग नसतो. हात सुटायच्या आधी खांदा सांगतो. दहा वेळा हळू, मग थोडं वेगानं. मी मिटायचे. परत. मी मिटायचे. आठवडे गेले. तिनं एकदाही कंटाळा दाखवला नाही. विड्यांच्या घरातली पोर, तिला एकच गोष्ट हजार वेळा करायची सवय असावी.

सप्टेंबरातल्या एका पहाटे, रात्रभर पाऊस पडून पत्रा गार झालेला, मी पहिल्यांदा एक ठोसा पूर्ण बघितला. तिचा उजवा खांदा किंचित पुढं आला. लाल ग्लोव्ह निघाला. त्याच्या अंगठ्याजवळची शिवण उसवलेली होती आणि तिथं चिकटपट्टी लावलेली होती, ती एका कोपऱ्यात सुटून आली होती. ग्लोव्ह मोठा होत गेला. चिकटपट्टीच्या त्या कोपऱ्यावर धूळ बसली होती, तीही दिसली. मग कपाळावर टप्प झालं. एवढंच. मी तिथंच उभी होते आणि मला सगळं दिसत होतं, तिच्या पापण्या, मागची बॅग, दाराबाहेरचा भिजलेला कडुनिंब. मला रडू आलं. ती घाबरली, "जोरात लागलं का अक्का?" म्हणाली. मी मान हलवली आणि परत मार म्हटलं.

न दिसलेला ठोसा माणसाला पाडतो, हे बॉक्सिंगमधलं जुनं म्हणणं आहे आणि त्याला कारणही आहे. येताना दिसला तर मान आधीच घट्ट होते, डोकं कमी हिसकतं. बेसावध मानेवर तेवढाच ठोसा जास्त लागतो.

डोक्याबद्दल मला इथं नीट लिहायला हवं, कारण हे वाचून कुणी आपल्या मुलीला पाठवेल, किंवा स्वतः जाईल. डोक्याला वारंवार बसणारा मार मेंदूला कायमचा दुखावतो. अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी बॉक्सरांमधला हा आजार 1928 साली लिहून ठेवला, म्हणजे हे माहीत होऊन शतक होत आलं. मुहम्मद अलींना पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा ते जेमतेम बेचाळीस वर्षांचे होते. डोक्याला घालतात तो गार्ड जखमा टाळतो, आतला हादरा टाळत नाही. आमचे सर डोक्यावर जोराचा मार कुणालाच मारू देत नाहीत. माझ्या वयाच्यांना तर नुसता स्पर्श. जिथं पहिल्या महिन्यातच पोरांना एकमेकांवर सोडतात आणि कोण पडतं ते बघतात, तिथून पाय मागं घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पर्धेचा प्रश्न मला नव्हताच. मोठ्या गटाची वयोमर्यादा 40 ची. मेरी कोम तीन मुलांची आई असताना 2018 मध्ये सहाव्यांदा विश्वविजेती झाली, ते मी टीव्हीवर बघितलं होतं तेव्हा भाजी निवडत होते आणि माझ्या मनात बॉक्सिंगचा विचारही नव्हता. मी जाते ती त्या तीन मिनिटांसाठी. त्या वेळात ऑफिस आठवत नाही, पाण्याची टाकी आठवत नाही. समोरचा खांदा तेवढा दिसतो.

अप्पांच्या डाव्या गालाच्या हाडावर एक खूण आहे, डोळ्याच्या बोटभर खाली. धोटा उडून लागल्याची. लाकडी धोट्याला दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असतं आणि तो मागातून निसटला की गोळीसारखा येतो. त्यांच्या एका जोडीदाराचा डोळा गेला होता. ही खूण मी जन्मापासून बघतेय, पण तिच्याबद्दल काही विचारायचं सुचलं ते डोळ्यांचा सराव सुरू झाल्यावर.

"धोटा उडाला की काय करायचं?" मी समोर बसून, ओठ दिसतील असं विचारलं.

"मान काढायची." त्यांनी बसल्या बसल्या डोकं डावीकडं सरकवलं, खांद्यासकट, वीतभर. अगदी तसंच, जसं सर आम्हाला स्लिप शिकवतात. 74 व्या वर्षी. मी बघत राहिले. "डोळे मिटायचे नाहीत. मिटले की कुठं लागंल कळत नाही."

"मग हा कसा लागला?"

"त्या दिवशी मी बघत नव्हतो."

"कुठं बघत होतात?"

त्यांनी कानाला हात लावला, ऐकू आलं नाही अशी खूण केली. आलं असेल किंवा नसेल. मी पुन्हा विचारलं नाही.

या जानेवारीत दादा आला. पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसनं, एकटाच, दोन दिवसांसाठी. गड्ड्याला सात-आठ वर्षांनी आला होता. रात्री उशिरा जेवलो. सकाळी मी सरावाहून आले, पट्ट्या धुतल्या, दोरीवर टाकल्या. थंडी असली तरी सोलापूरचं ऊन, त्यातली एक पट्टी दुपारपर्यंत खडखडीत वाळली. अप्पांनी ती काढली आणि गुंडाळायला घेतली. हे काम त्यांनी पावसाळ्यापासून स्वतःकडं घेतलंय. आई आयुष्यभर कांड्या भरायची त्या हातचलाखीनं नव्हे, सावकाश, प्रत्येक वेढा अंगठ्यानं दाबत.

त्यांनी सुरुवात फासाच्या टोकाकडून केली होती. मी समोर जाऊन म्हटलं, "अप्पा, उलटी. वेल्क्रो आत जायला पाहिजे, फास बाहेर. सकाळी अंगठ्यात आधी फास जातो."

त्यांनी हातातल्या गुंडाळीकडं पाहिलं. मग सगळी सोडली. पट्टी खाटेवरून खाली, फरशीवर पसरली. वेल्क्रोचं टोक हातात घेऊन त्यांनी दोन वेढे दिले, पण पट्टी सैल येत होती, तिच्यातलं रबर आखडत होतं. ताण नसेल तर गुंडाळी नीट बसत नाही. त्यांनी मान वर केली. दादा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता.

"धर," अप्पा त्याला म्हणाले, आणि फासाकडचं टोक त्याच्याकडं फेकलं.

ते टोक दादाच्या पायाशी पडलं. त्यानं कप ओट्यावर ठेवला, वाकला, उचललं. फासात बोट अडकवून दोन पावलं मागं गेला, पट्टी ताणली जाईपर्यंत. आमच्या बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत, माझ्या समोरून, कमरेच्या उंचीवर ती काळी पट्टी सरळ उभी राहिली. अप्पा गुंडाळायला लागले. दादा त्यांच्या हातांकडं बघत होता. गुंडाळी जशी मोठी होत गेली तसा तो एकेक पाऊल पुढं येत गेला, ताण न सोडता.

दुसरी पट्टी अजून दोरीवर होती, किनारीला जरा ओलसर.